आत आणू नये

उघड्यावर तुम्ही उभं केलंत त्यांना, आणि हे मी आता सरळ म्हणतोय कारण अर्जांत म्हणून झालं. तुमच्या वनखात्याला तीन अर्ज केले. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. एकतीस वर्षं मी सरकारी खात्यात आवक-जावकच्या टेबलावर काढली, कागद कुठून येतो, कुठे जातो आणि कुठे नेऊन मारतात हे मला कोणी शिकवू नये. तुमचं उत्तर एका ओळीचं. 'अभ्यर्थी स्वेच्छा से उपस्थित हुआ था.' स्वेच्छेनं. पहाटे साडेचारला, चार डिग्रीत, बनियन आणि चड्डीवर, दंडावर मार्करनं नंबर लिहून घेऊन चारशे पोरं स्वेच्छेनं मैदानात उभी होती आणि तुमचे साहेब पावणेदहाला गाडीतून उतरले. माझा आल्हाद त्यांच्यातला दोनशे सतरावा. तेवीस वर्षांचा. आधी छाती मोजली, मग पळवलं. तिसऱ्या फेरीत पडला तो उठला नाही. वनरक्षकाची भरती होती, त्याला जंगलात राहायचं होतं, बाकी कशाची हाव नव्हती पोराला. असो. हे सगळं तुमच्या फायलींच्या बस्त्यात बांधलेलं आहे. आज मी दुसरंच सांगायला बसलोय. आज सकाळी अकराच्या सुमाराला माझी बायको जिना चढायला लागली.

उज्जैनच्या माधव नगरातलं आमचं घर काही मोठं नाही. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर गच्ची, गच्चीला लागून आल्हादची खोली. मधे एकोणीस पायऱ्या. विनोदिनीचे गुडघे गेल्यापासून, म्हणजे दोन हिवाळे, ती पहिल्या पायरीशी येते, कठड्याला हात लावते आणि परत फिरते. गुडघे आल्हाद गेल्यावर गेले की आधीपासूनच जात होते, हे मी डॉक्टरला विचारलं तर तो एक्स-रे उजेडात धरून बघतच राहिला. मी वरच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. समोर तेलाचे पाच-पाच लिटरचे अकरा कॅन, पोटाशी कापलेले, त्यांत माती. एकाचं झाकण वर करून मी मातीचा वास घेत होतो. वास आंबट होता. तेवढ्यात खालून आवाज आला. कठड्यावर तळवा पडल्याचा, मग एक पाय, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. मग थांबणं, श्वास. पुन्हा तळवा. पस्तीस वर्षं एका घरात काढल्यावर दुसऱ्याचं चालणं माणूस झोपेतही ओळखतो, पण हे मला ओळखायला वेळ लागला. "विनू?" मी हाक मारली. तिसरी पायरी.

कॅनचं असं झालं. नोव्हेंबरात तिनं मला आल्हादच्या टेबलाचे खण काढून खाली आणायला लावले, सामानासकट, अख्खे. पेन, चार्जर, भरतीच्या गाइडबुका, आणि औषधाच्या एका रिकाम्या डबीत बियांच्या पुड्या. कॉलेजात असताना तो कॅम्पला हिमाचलात गेला होता, तिथल्या कुठल्या म्हाताऱ्या माळ्याशी त्यानं दोस्ती केली आणि हे घेऊन आला. डेल्फिनियम, कोलंबाइन, लुपिन, आणि एका पुडीवर नुसतंच 'निळं, वरच्या कुरणातलं'. सोबत चिठ्ठी. त्याचं अक्षर मोठं, पोस्टरवर लिहिल्यासारखं. 'बहुवर्षायू आहेत. पहिल्या वर्षी फूल येत नाही. एकदा लागलं की दरवर्षी आपण होऊन परत येतं. हिवाळ्यात कॅनमध्ये पेरून उघड्यावर ठेवायचं. थंडी खाल्ल्याशिवाय बी जागं होत नाही. आत आणू नये.' विनोदिनीनं ती दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली आणि म्हणाली, "हे लावायचं." मी म्हणालो, "उज्जैनमध्ये? अगं मे महिन्यात पंचेचाळीस असतं इथे. ही डोंगरातली फुलं." "मेचं मेमध्ये बघू. आधी उगवू तर देत." "आणि बी किती जुनं आहे ते..." "म्हणूनच. पुढच्या वर्षी अजून जुनं होईल." दोन वर्षांत तिच्या तोंडून पुढचं वर्ष हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

मग मी फ्रीगंजात शेववाल्याकडे गेलो. त्याच्याकडे तेलाचे रिकामे कॅन पडलेले असतात. "बाबूजी, इतने कैन का क्या करोगे?" म्हणाला. मी म्हटलं, खेती करूँगा. "अच्छा है, रिटायर आदमी को कुछ तो पकड़ने को चाहिए." ते कॅन विनोदिनीनं सोड्याच्या गरम पाण्यानं चार-चार वेळा धुतले. पाट घेऊन स्वयंपाकघरात बसली, पाय लांब करून, कारण दुमडता येत नाहीत, आणि सुरीनं एकेक कॅन पोटाशी गोल कापला, मुठीजवळ चार बोटं तसंच ठेवून, म्हणजे वरचा भाग झाकणासारखा उघडतो. बुडाला मी तापलेल्या पेचकसानं भोकं पाडली. खोलीभर प्लास्टिक जळल्याचा वास, आणि ती खोकत म्हणते, "उज्जैन का सारा धुआँ इसी घर में करोगे क्या." आमच्या घरात थट्टेला हिंदी येते, तुमच्याकडे काय येतं मला माहीत नाही. माती चाळून, भिजवून, कॅनमध्ये भरली. बिया तिनं एकेक करून ठेवल्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या, काही तर त्याहून बारीक, बोटाला थुंकी लावून उचलायच्या आणि मातीवर टेकवायच्या. पुड्या रिकाम्या झाल्या तेव्हा तिनं त्या उलट्या करून झटकल्या, मागे काही ठेवलं नाही. वरून चिकटपट्टी. तोंडाचं बूच काढून टाकलेलं, तिथून हवा जाणार, दव जाणार. "मला वर येता यायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही ठेवा. कठड्याजवळ ठेवा, वारा लागतो तिथे. आणि मग हात लावू नका." मी बरं म्हणालो.

मी ठेवलेही. हे खोटं नाही. एक संध्याकाळ आणि एक रात्र ते अकराही कॅन गच्चीच्या कठड्याजवळ ओळीनं उभे होते. सकाळी सहाला मी वर गेलो तर प्लास्टिकला आतून वाफ धरली होती. काच असावी आणि तिच्यामागे कोणी तोंड लावून श्वास सोडत असावं तशी. बाहेरून दव. ओळ सरळ होती, मीच सरळ लावली होती. मी दोन कॅन उचलले, मग आणखी दोन, सहा फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीत एकच उरला होता. आल्हादच्या खोलीत कॉटशेजारी ठेवले. त्याचा एका रॉडचा हीटर तिथेच होता, तो लावला. मग त्यांच्यावर त्याची दुलई घातली. दुलई घालताना मला कळत होतं मी काय करतोय. मी अडाणी नाही. चिठ्ठी मीही वाचली होती.

मग रोजचं सुरू झालं. ती खाली चहा गाळताना विचारायची, "कशी आहेत?" "ठीक." "उघड्यावर आहेत ना?" "मग कुठे?" "काल फार गारठा होता." "होता ना." "बरं झालं," ती म्हणायची. पेपरात उज्जैनचं किमान तापमान येतं, आतल्या पानावर, खाली. आधी ती पेपर उघडतही नव्हती, आता तेवढाच चौकोन बघायची. आज नऊ. आज सात. एकदा साडेपाच झालं तेव्हा तिनं मला पोह्यांवर जास्तीची शेव घातली. सगळं शहर स्वेटरात हातपाय आवळून बसलेलं आणि माझी बायको गारठा वाढावा म्हणून देवापुढे उभी. संक्रांतीनंतर मावठा झाला, दोन दिवस बुरबुर, शेजारच्या सुलूताई पापड आत घ्यायला धावल्या आणि विनोदिनी खिडकीत उभी राहून म्हणाली, "पडू दे." मी वरून आलो तर माझ्या कपड्यांना हीटरचा, भाजलेल्या धुळीचा वास येत असणार. तिला तो आला नाही, की आला आणि ती तो दुसऱ्याच कशाचा समजली, मला माहीत नाही. मी रोज कॅन उघडून पाणी शिंपडायचो. माती गरम लागायची हाताला. पहिले पंधरा दिवस मला वाटायचं, कोण जाणे, ऊब कुणाला नको असते, ऊब मिळाली तर लवकरच येतील. जानेवारीत मातीवर पांढरी बुरशी आली. ती मी चमच्यानं खरवडली.

आठवी पायरी. तिथे ती बसली. पायरीवर बसल्याचा आवाज वेगळा असतो, लुगड्याचा आणि हाडांचा मिळून. आणि मला आत्ता कळलं ती का येतेय. अर्ध्या तासापूर्वी मागच्या दारी सुलूताईंचं बोलणं मी वरून ऐकलं होतं. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागून आहे. "वहिनी, तुमची ती शेती कुठे गेली हो? मी रोज कपडे वाळत घालते, तुमच्या गच्चीवर तर भाऊंच्या चड्ड्यांशिवाय काही उगवलेलं दिसत नाही." मी हसलोसुद्धा होतो वर बसून, चड्ड्यांना. विनोदिनी काय म्हणाली ते ऐकू आलं नव्हतं. आता नववी. दहा पायऱ्या उरल्या, आणि अकरा कॅन, सहा फेऱ्या, खोलीच्या दारापासून कठड्यापर्यंत सात पावलं. करता आलं असतं. मी हीटरकडे हात नेला, परत घेतला, दोन कॅन उचलले, गच्चीच्या दारापर्यंत गेलो. बाहेर ऊन होतं, फेब्रुवारीचं, पाठीला बरं वाटणारं. मी तिथे दोन्ही हातांत दोन कॅन घेऊन उभा राहिलो, आणि हातात पोराची वस्तू घेऊन दारात नुसतं उभं राहणं मला इतकं ओळखीचं वाटलं की पाय उचलेना.

तुम्हाला सांगतो, कारण तिला अजून सांगितलेलं नाही. भरतीच्या आदल्या दुपारी आम्ही बापलेक नानाखेड्याच्या स्टँडवरून बसनं निघालो होतो. तिनं विणलेलं स्वेटर, काळ्या बाह्यांचं, आल्हादच्या अंगावर. पहाटे मैदानाच्या फाटकावर तुमच्या माणसानं कपडे उतरवायला लावले आणि पोरांनी ते आपापल्या माणसांकडे दिले. मग तो ओरडून म्हणाला, "बाहर से कोई सामान अंदर नहीं देगा. जिसने दिया, उसका लड़का बाहर." आम्ही सगळे जाळीच्या कुंपणाशी उभे राहिलो. आल्हाद माझ्यापासून पंधरा पावलांवर होता. मी मोजली, पाच तासांत दुसरं काय करणार. माझ्या शेजारी तराण्याकडचा एक शेतकरी होता, फेटा आणि कंबल. त्यानं पाऊण तास वाट बघितली, मग म्हणाला, "इनके बाप का राज है क्या," आणि कंबल गुंडाळून जाळीवरून आत फेकलं. त्याच्या पोरानं ते अंगावर घेतलं. तुमच्या माणसानं बघितलं आणि तोंड फिरवून बिडी पेटवली. बस्. एवढंच झालं. तो पोरगा शेवटपर्यंत पळाला.

माझ्या हातात स्वेटर होतं. आल्हादनं माझ्याकडे बघितलं, दंड चोळत, भुवया वर करून. विचारत होता. मी हाताचा पंजा दाखवला. थांब. नियम आहे. तो हसला, मान हलवली, कारण तोही आमच्याच घरचा. आमचे पूर्वज दरबाराच्या दफ्तरात कारकून म्हणून दक्षिणेतून इथे आले, आणि तेव्हापासून आमच्या घरात जन्मलेला प्रत्येक पुरुष हुकूम वाचता येतो म्हणून पोट भरत आलाय. तो मोडताही येतो हे कुणी शिकवलंच नाही. तराण्याच्या त्या माणसाला वाचता येत नसेल. आणि अजून एक आहे. सहाच्या सुमाराला मला थंडी असह्य झाली. मी त्रेसष्ट वर्षांचा, दमा आहे. मी ते स्वेटर घातलं. काखेत तंग झालं. आल्हादनं मला त्यात बघितलं, शेजारच्या पोराला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं आणि दोघं हसले. त्याचे ओठ तेव्हा निळे दिसत होते की तो फ्लडलाइटचा उजेड होता, हे मी ठरवू शकलेलो नाही. घरी आल्यावर मी विनोदिनीला सांगितलं की पालकांना रस्त्यापलीकडे ठेवलं होतं, तिथून मैदानातलं काही दिसत नव्हतं. तुम्हाला केलेल्या तिन्ही अर्जांतही मी हेच लिहिलं. म्हणजे तुमच्या बस्त्यातला माझा कागदही खोटाच आहे.

ती आली तेव्हा मी तसाच दारात होतो. जिन्याचा कठडा खोलीच्या उंबऱ्याशी संपतो, तिथे तिनं चौकट धरली. केस कपाळाला चिकटलेले. तिनं माझ्या हातातल्या कॅनकडे बघितलं, मग आत. लाल रॉड. दुलई. कॉटवर त्याची उशी मी तो भरतीला निघाला तेव्हा होती तशीच ठेवलेली आहे, पण तिकडे तिनं बघितलं नाही.

"दुलई कुणी घातली?"

"मी."

"कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून."

ती हळूहळू उंबऱ्यावर बसली, आधी एका हातावर, मग सगळी. "द्या इकडे एक." मी दिला. तिनं चिकटपट्टी काढली, अंबाड्यातला आकडा काढून माती उकरली. बी सापडलं. नखांत धरून दाबलं तर त्याचा पिवळट लगदा झाला. तिनं तो पदराला पुसला. दुसरं काढलं. तेही. दुसरा कॅन मागितला, तिसरा, चौथा. वरच्या कुरणातल्या निळ्याचा कॅन मी स्वतःहून पुढे केला. त्यात काहीच सापडलं नाही, नुसती माती. मग तिनं आणखी मागितला नाही.

"अजून पुडी आहे का एखादी?"

"नाही. सगळं पेरलं होतंस तू."

"हो. सगळं पेरलं." तिनं आकडा परत केसांत खोचला, मातीसकट. "मी रोज विचारत होते."

"हो."

"रोज, चहाच्या वेळी."

खाली रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गेली. ती पुढच्या गल्लीत वळेपर्यंत आम्ही दोघंही ती ऐकत होतो.

"त्यानं लिहून ठेवलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला तर लिहिलेलं सगळं पटतं. आयुष्यभर पटत आलं. हेच नेमकं नाही पटलं?"

"मला बघवत नव्हतं, विनू."

"काय?"

"ते. ओळीनं. थंडीत उभे."

तिनं मान वर केली. इतका वेळ ती मातीकडे बघत होती, आता माझ्याकडे. तिचे डोळे अजून चांगले आहेत, गुडघ्यांइतके गेलेले नाहीत. ती फार हळू, जणू मला दुखेल की काय अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही तर रस्त्यापलीकडे होतात."

मी पुढचा म्हणून उचललेला कॅन खाली ठेवला.

"अहो. दिसत होता का तो तुम्हाला?"

आता दोन वाजलेत. ती उंबऱ्यावरच आहे. उतरायला माझा हात लागेल आणि तो तिनं अजून मागितलेला नाही, मी दिलेला नाही. सुलूताईंनी मघाशी खालून हाक मारली, वहिनी, जेवलात का, आणि उत्तर न मिळाल्यावर त्या निघून गेल्या. मी आल्हादच्या टेबलाशी बसून हे लिहितोय. त्याला खण नाहीत, नुसत्या चार खाचा आहेत. ती लिहिणं ऐकतेय. तिला वाटत असेल मी तिलाच लिहून उत्तर देतोय, तशी सवय आहे मला. हो म्हणालो तर ती विचारील, किती लांब होता. मग विचारील, स्वेटर कुठे होतं. मग काही विचारणार नाही, आणि त्यानंतर या घरात दोन माणसं राहतील की नाही मला सांगता येत नाही. नाही म्हणालो तर तिला कळेल, आत्ताच कळलंय.

तेव्हा तुम्ही बोला. पावणेदहाला यायचं होतं तर पोरांना साडेचारला का बोलावलंत? कपडे का उतरवलेत? बाहेरून काही द्यायचं नाही हा नियम कुठल्या कागदावर होता, त्याचा क्रमांक काय, तारीख काय? मी शोधलाय. एकतीस वर्षं कागदच शोधत होतो, मला तो कुठेही सापडलेला नाही. नसेलच, तर मी पाच तास कोणाचं ऐकून उभा होतो? तुमच्या फाटकावरच्या त्या माणसाचं नाव सांगा, त्याला सांगणाऱ्याचं सांगा, आणि तो नियम खरंच होता की त्यानं उगाच फेकला, तेवढं सांगा. लेखी नको. स्वेच्छा वगैरे नको. ही समोर बसली आहे, हिच्याकडे बघून सांगा. नाव काय?